चार दिवसांची निधिसंकलन सायकल मोहीम : चौदा आठवड्यांत तयारी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. चौदा आठवड्यांनी मी एका चार दिवसांच्या सायकल मोहिमेत सहभागी होणार आहे. कर्करुग्णांच्या उपचारांसाठी निधी उभा करणे हा मोहिमेचा हेतू असून प्रत्येक सहभागी व्यक्तीने ठरावीक किमान रक्कम आपल्या परिचितांकडून जमवावी, अशी अट आहे. एकूण अंतर ४२० किलोमीटर आहे: पहिल्या दिवशी ११०, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी ९५ आणि शेवटच्या दिवशी ९०. दुसऱ्या दिवसाच्या मार्गात सर्वांत जास्त चढ आहेत. सोबत सामान वाहणारी गाडी असेल, त्यामुळे पाठीवर ओझे घ्यावे लागणार नाही.

माझे वय ४६ आहे आणि काम पूर्णपणे बैठे आहे. सध्या मी आठवड्यातून दोनदा कामाच्या ठिकाणी सायकलने जाते आणि रविवारी साधारण ४० किलोमीटर चालवते. सगळे मिळून आठवड्याला ६५ किलोमीटरांच्या आसपास होते. ४० किलोमीटरांनंतर पायांत ताकद शिल्लक असते, पण बसण्याच्या जागी दुखू लागते आणि डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. सलग दोन दिवस लांब अंतर मी आजवर कधीच चालवलेले नाही.

मला प्रामुख्याने हे विचारायचे आहे की मोहिमेपूर्वी एकदा तरी पूर्ण १२५ किलोमीटर चालवून पाहणे आवश्यक आहे का, की त्याहून कमी अंतराचा सराव पुरेसा ठरेल? त्याचबरोबर सायकलमध्ये काय बदल करावेत, वाटेत काय व किती खावे आणि निधी जमवण्याचे काम या सगळ्यात कुठे बसवावे, यांविषयीही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

पहिले उत्तर

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो: पूर्ण १२५ किलोमीटर आधी चालवून पाहण्याची गरज नाही. सर्वांत लांब दिवसाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८५ ते ९० किलोमीटरांपर्यंत सराव गेला, तरी तो दिवस पार पडतो, कारण मोहिमेत वाटेतले थांबे असतात, सोबत माणसे असतात आणि पूर्ण दिवस हाताशी असतो. खरी परीक्षा अंतराची नसून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसण्याची असते, आणि नेमका त्याचाच सराव बहुतेक लोक करत नाहीत. एकाच रविवारी १२० किलोमीटर मारून पुढचे चार दिवस पाय धरून बसण्यापेक्षा शनिवारी ७० आणि रविवारी ५० चालवणे या मोहिमेसाठी कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. दुसऱ्या दिवशी स्नायूंमधला शर्करेचा साठा पुरता भरलेला नसतो, आदल्या दिवशीचा ताण उतरलेला नसतो आणि कातडीही हुळहुळी झालेली असते. त्या अवस्थेत संथ गतीने का होईना, पण चालवत राहण्याची सवय शरीराला आणि मनाला आधीच झालेली असावी.

आराखडा असा ठेवता येईल. आत्ताच्या ६५ किलोमीटरांपासून आठवड्याचे एकूण अंतर दर वेळी दहा-बारा टक्क्यांनी वाढवावे, मात्र चौथा आणि आठवा आठवडा मुद्दाम हलका ठेवून त्यांत अंतर एक तृतीयांशाने कमी करावे, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीच्या काळात. हलक्या आठवड्यानंतर पुन्हा आधीच्या आकड्यापासून चढायला सुरुवात करावी. या हिशेबाने बाराव्या आठवड्यापर्यंत तुम्ही २०० किलोमीटरांच्या जवळ पोहोचाल, आणि त्यांतले शनिवारी ९०, रविवारी ६०-६५ व उरलेले मधल्या वारी असे वाटप होईल. सलग दोन दिवसांचा सराव पाचव्या आठवड्यापासून सुरू करावा. सुरुवातीला तो ४० आणि ३० इतका साधा असला तरी चालेल. दहा टक्क्यांचा नियम हा दगडावरची रेघ नाही, तो केवळ सावधगिरीचा संकेत आहे. गुडघा किंवा टाच कुरकुर करू लागली, तर आकडा वाढवण्याचा हट्ट सोडून द्यावा.

वेगाविषयी सांगायचे तर, सरावाचा फार मोठा भाग अशा गतीने व्हायला हवा की शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. आठवड्यातून एकदाच, कामाच्या दिवसांतल्या छोट्या फेरीत, पाच ते आठ मिनिटे दम लागेल इतका जोर लावून तेवढाच वेळ सैल चालवावे आणि हे चार वेळा करावे; जवळपास चढ असेल तर तो याच कामासाठी वापरावा. पायांची गती मिनिटाला ८० ते ९० फेरे राहील असा गियर निवडण्याची सवय लावून घ्या. जड गियर रेटत राहण्याची खोड पहिल्या दिवशी खपून जाते, पण तिसऱ्या दिवशी गुडघे तिचा हिशेब मागतात.

दुसऱ्या दिवसाचा वेळेचा हिशेब आत्ताच मांडून पाहा. चढांसह ताशी १८ किलोमीटर सरासरी धरली, तर १२५ किलोमीटरांना सुमारे सात तास लागतात आणि थांबे धरून ते साडेआठ ते नऊ तासांवर जाते. मार्ग बंद होण्याची वेळ आयोजकांनी काय ठरवली आहे, हे विचारून घ्यावे आणि सरावात आपली सरासरी मोजताना थांब्यांचा वेळही मोजावा. ज्यांना उशीर होतो त्यांच्यापैकी अनेक जण संथ चालवतात म्हणून मागे राहत नाहीत, ते प्रत्येक थांब्यावर पंचवीस मिनिटे रेंगाळतात.

धीर यावा म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस या मार्गावर २००२ ते २०२५ या काळात ‘एड्स/लाइफसायकल’ नावाची निधिसंकलन मोहीम होत असे. तिचे अंतर सात दिवसांत ५४५ मैल, म्हणजे सुमारे ८७७ किलोमीटर होते. तुमचा जो सर्वांत लांब दिवस आहे, ती तिथली रोजची सरासरी होती. तरीही तिच्यात दरवर्षी मोठ्या संख्येने उतरणारे लोक व्यावसायिक सायकलपटू नव्हते, नोकरीधंदा सांभाळून सराव करणारी सामान्य माणसे होती.

जाता जाता एक गोष्ट. वय ४६ आणि बैठे काम लक्षात घेता, सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा घरात अल्पवयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असेल, तर ती तपासणी टाळूच नये.

दुसरे उत्तर

सरावाविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु तुमच्या प्रश्नात मला जास्त चिंता वाटली ती बसण्याच्या जागेची आणि बधिर होणाऱ्या बोटांची. अशा मोहिमांत पाय थकल्यामुळे थांबणाऱ्यांपेक्षा कातडी सोलवटल्यामुळे किंवा गुडघा धरल्यामुळे थांबणारे लोक मी अधिक पाहिले आहेत, म्हणून या गोष्टींकडे पहिल्याच आठवड्यात लक्ष द्यावे.

सीटची उंची तपासण्याची सोपी रीत अशी: भिंतीला टेकून सीटवर बसावे, पेडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. तो साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा असे मानले जाते. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते आणि फार वर असेल तर मागच्या बाजूला, शिवाय कंबर दोन्ही बाजूंना डुलू लागते आणि त्या डुलण्यानेच कातडी घासली जाते. बदल करताना एका वेळी तीन-चार मिलिमीटरच करावा, दोन-तीन फेऱ्या त्यावर चालवून पाहावे आणि मूळ जागेची खूण चिकटपट्टीने करून ठेवावी.

दुखते म्हणून जाड, मऊ गादीची सीट घेण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन. शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा; मऊ सीटमध्ये ती हाडे रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो, जिथे नसा आणि रक्तवाहिन्या असतात. त्यामुळे सीट मऊ असण्यापेक्षा हाडांमधल्या अंतराला साजेशा रुंदीची असणे महत्त्वाचे आहे. स्त्रियांमध्ये हे अंतर सर्वसाधारणपणे काहीसे जास्त असते, त्यामुळे पुरुषांच्या बेताने बनवलेली अरुंद सीट हे तुमच्या दुखण्याचे एक कारण असू शकते. काही दुकानांत हे अंतर मोजून देतात आणि सीट वापरून पाहायलाही देतात.

गादी शिवलेली सायकलिंगची चड्डी वापरत नसाल तर ती घ्यावी आणि तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याची शिवण नेमकी घासणाऱ्या जागी येते. चार दिवसांसाठी किमान तीन चड्ड्या असाव्यात, म्हणजे धुतलेली पूर्ण वाळायला वेळ मिळतो. घर्षण कमी करणारे मलम लावून निघावे, दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभे राहून भार उचलावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर गप्पांत न रमता सर्वांत आधी ओली चड्डी बदलून अंग धुऊन कोरडे करावे. ओल्या कपड्यांत घालवलेला तो एक तास पुढच्या दिवशी महागात पडतो.

करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होणे हे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणाऱ्या नसेवर दाब पडत असल्याचे लक्षण आहे. याची कारणे बहुधा तीन असतात: हँडल फार दूर किंवा फार खाली असणे, सीटचे टोक खाली झुकलेले असल्यामुळे शरीर पुढे घसरून हातांवर भार येणे, आणि पोट व पाठीचे स्नायू कमकुवत असल्यामुळे धड हातांवर टेकवले जाणे. पहिली दोन कारणे पान्याने दूर होतात, तिसऱ्यासाठी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे व्यायाम करावा लागतो. हातांची पकड वारंवार बदलावी आणि कोपर ताठ ठेवू नयेत. इतके करूनही बधिरपणा सायकल सोडल्यावर बराच वेळ टिकत असेल, तर तज्ज्ञाकडून सायकल अंगाला बसवून घ्यावी आणि डॉक्टरांनाही दाखवावे.

आता सायकलविषयी थोडक्यात. चढांसाठी सर्वांत हलका गियर पुरेसा हलका आहे की नाही हे पाहावे. पुढे ३४ दाते आणि मागे २८ असतील, तर पायांची गती मिनिटाला ६० फेऱ्यांवर ठेवायलाही ताशी सव्वानऊ किलोमीटरांचा वेग राखावा लागतो. मागे ३४ दाते असतील तर तीच गती ताशी साडेसात किलोमीटरांना मिळते, आणि दुसऱ्या दिवसाच्या चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो. चेन झिजून किती लांबली आहे ते मोजून घ्यावे: नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर असते. अकरा-बारा गियरच्या चेनमध्ये ती अर्ध्या टक्क्याने आणि त्याहून कमी गियरच्या चेनमध्ये पाऊण टक्क्याने वाढली की चेन बदलावी, नाहीतर मागचे दातेही झिजतात आणि मग दोन्ही बदलावे लागतात. टायर, चेन, ब्रेक पॅड असे जे काही नवे घालायचे असेल ते मोहिमेच्या तीन आठवडे आधी घालावे. शेवटच्या दोन आठवड्यांत सायकलवर, अंगावर आणि पोटात काहीही नवे नको.

टायरमधल्या हवेबद्दलही एक गैरसमज आहे. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असे नाही. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये थोडी कमी हवा ठेवली, तर खराब रस्त्याचे हादरे कमी बसतात आणि चार दिवसांत हात व पाठ त्याबद्दल दुवा देतात. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ॲलन पान्यांचा संच आणि चेन जोडायची कडी असावी. मागच्या चाकाची ट्यूब घरी बसून, कुणाची मदत न घेता बदलून पाहावी, कारण पंक्चर बहुधा मागच्याच चाकात होते आणि तेच काढायला अवघड असते.

प्रश्नकर्तीची पुरवणी शंका

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. सीटचे टोक खरोखरच खाली झुकलेले आढळले, ते आज सरळ करून घेतले आहे. खाण्यापिण्याविषयी मात्र मला अजून स्पष्टता नाही, कारण ४० किलोमीटरांच्या फेरीत मी फक्त पाणी पिते आणि त्यात मला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. दुसरे म्हणजे, लोकांकडे पैसे मागण्याचा मला फार संकोच वाटतो, त्यामुळे ते काम सराव संपत आल्यावर एकदमच उरकावे असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का?

तिसरे उत्तर

दोन तासांच्या फेरीत फक्त पाण्यावर निभावते, याचे कारण शरीरातला साठा. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम शर्करा साठवून ठेवतात आणि मध्यम गतीने चालवताना ती दोन-तीन तास पुरते. सात तासांच्या दिवशी ती दुपारपूर्वीच संपेल. ती संपल्यावर पायांतले बळ अचानक जाते, डोके जड होते, चिडचिड होते आणि त्यानंतर कितीही खाल्ले तरी पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या पाऊण तासातच खायला सुरुवात करावी आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. त्याहून जास्त, तासाला ९० ग्रॅमपर्यंत खाणारे सायकलपटूही असतात, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण घ्यावे लागते व पोटाला महिनोन्महिने सवय लावावी लागते. तुमच्या गतीला त्याची गरज नाही.

पाण्याचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते स्वतःच मोजता येते. एका तासाच्या फेरीपूर्वी व नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. कमी झालेला प्रत्येक किलोग्रॅम म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि त्यात वाटेत प्यायलेले पाणी मिळवावे. हा प्रयोग थंड दिवशी एकदा आणि उन्हात एकदा करावा. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते. दिवसाअखेर वजन दोन टक्क्यांहून अधिक घटलेले नसावे, आणि ते वाढलेलेही नसावे, हे दुसरे फारसे कुणी सांगत नाही. तहान नसताना तासन्तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियमचे प्रमाण घटते आणि त्यातून डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, क्वचित जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. घामाच्या प्रत्येक लिटरमधून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाते, त्यामुळे लांब दिवशी एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत क्षारयुक्त पेय ठेवावे.

बहुदिवसीय मोहिमेत सर्वांत महत्त्वाचे जेवण संध्याकाळचे नसून मुक्कामी पोहोचल्यावरच्या पहिल्या तासातले असते. दुसऱ्या दिवसापर्यंतचा अवधी कमी असल्यामुळे स्नायूंचा साठा भरून काढायला लगेच सुरुवात करावी लागते. शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे एक ग्रॅम कर्बोदके आणि एकूण २० ते २५ ग्रॅम प्रथिने त्या तासात घ्यावीत आणि मग नेहमीसारखे भरपेट जेवावे. लांब दिवसानंतर भूक मरते असा अनेकांचा अनुभव आहे, अशा वेळी हे पेयाच्या रूपात घेणे सोपे जाते. हे सगळे सलग दोन दिवसांच्या सरावात करून पाहावे, कारण पायांप्रमाणे पोटालाही शिकवावे लागते.

चौथे उत्तर

मी निधीच्या प्रश्नावरच लिहितो, कारण ते काम शेवटी उरकण्याचा विचार मला अजिबात योग्य वाटत नाही. तेराव्या आठवड्यात, ज्या वेळी तुम्हाला झोपेची आणि स्वस्थतेची सर्वांत जास्त गरज असेल, त्याच वेळी किमान रकमेची चिंता डोक्यावर बसेल. हे काम पहिल्या चार आठवड्यांतच सुरू करावे आणि निम्मी रक्कम आठव्या आठवड्याच्या, म्हणजे सरावाच्या हलक्या आठवड्याच्या, आत जमवण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

सुरुवात स्वतःच्या देणगीने करावी. नंतर अगदी जवळच्या आठ-दहा जणांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगावे, आणि त्यांची नावे यादीत आल्यावरच बाकीच्यांना लिहावे, कारण मागून येणारे लोक आधीच्यांनी किती दिले ते पाहून आपला आकडा ठरवतात. सर्वांना एकच मजकूर गटात टाकून देण्यापेक्षा प्रत्येकाला नावानिशी चार ओळी लिहिण्याला वेळ लागतो, पण गटातल्या संदेशाला ‘शुभेच्छा’ मिळतात आणि नावानिशी लिहिलेल्याला देणगी मिळते. मजकुरात तीन गोष्टी स्वच्छ असाव्यात: पैसा कोणत्या कामाला जाणार, तुम्ही नेमके काय करणार आहात आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आहे. उत्तर न आल्यास एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा करू नये. तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या रकमेइतकीच भर घालण्याची योजना असेल तर तिची चौकशी आत्ताच करावी, अशा मंजुऱ्यांना वेळ लागतो.

संकोचाविषयी एवढेच म्हणेन की तुम्ही स्वतःसाठी मागत नाही, हे खरे असले तरी त्या वाक्याने संकोच जात नाही. तो जातो तो हिशेब स्पष्ट असल्याने. देणगीदार विचारतो, ‘माझ्या पैशातून तुमच्या राहण्या-जेवणाचा खर्च होणार का?’ आणि हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून होत असलेली ‘पॅन-मास चॅलेंज’ ही कर्करोग संशोधन व उपचारांसाठीची मोहीम या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिथे सहभागींनी जमवलेली सगळी रक्कम डेना-फार्बर या कर्करोग संस्थेकडे जाते आणि आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क व प्रायोजक यांच्याकडून भागवला जातो. सगळ्याच मोहिमांची व्यवस्था अशी नसते. तुमच्या आयोजकांकडून हे लेखी विचारून घ्या, देणगीची पावती कोण देणार आणि करात सवलत मिळणार की नाही हेही विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते आपल्या पत्रात जसेच्या तसे लिहा.

प्रश्नकर्तीची आणखी एक शंका

सर्वांचे आभार. आयोजकांना पत्र पाठवले आहे. आता शेवटचेच विचारते: तिसऱ्या दिवशी मला पुढे जाणे अशक्य झाले आणि गाडीत बसावे लागले, तर ज्यांनी देणगी दिली त्यांची मी फसवणूक केली असे होईल का? आणि शेवटच्या दोन आठवड्यांत नेमके किती चालवावे?

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

फसवणूक मुळीच होणार नाही. देणगीदारांनी रुग्णांसाठी पैसे दिले आहेत, तुमच्या किलोमीटरांसाठी नाही. अपवाद फक्त कुणी ‘प्रत्येक किलोमीटरमागे अमुक’ असे वचन दिले असेल त्याचा, आणि त्याला खरे अंतर कळवावे म्हणजे झाले. गाडीत बसण्यालाही मोहीम सोडणे समजू नये. बऱ्याच मोहिमांत एखाद्या टप्प्यापुरते गाडीतून जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल चालवता येते. तुमच्याकडचा नियम काय आहे तेवढे आधी विचारून ठेवावे. थकवा आणि धोका यांत मात्र फरक करायला हवा. पाय जड होणे, कंटाळा येणे, रडू येणे हे सगळे खाऊन आणि थोडे थांबून बहुतेक वेळा सुधारते. छातीत दुखणे, चक्कर, बोलताना गोंधळ होणे, उन्हात अंग तापून घाम थांबणे, किंवा सांध्यातली अशी वेदना जिच्यामुळे पेडल मारण्याची पद्धतच बदलते, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी थांबावे.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करायचे, पण सायकल सोडायची नाही. तेराव्या आठवड्यात शिखराच्या साठ टक्के, म्हणजे १२० किलोमीटरांच्या आसपास, आणि सर्वांत लांब फेरी ५० हून अधिक नको. चौदाव्या आठवड्यात ३०-३० किलोमीटरांच्या दोन फेऱ्या पुरेत, मात्र दोन्हींत काही मिनिटे जोर लावावा, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. या दिवसांत सराव कमी पडल्याची भीती वाटते आणि शेवटच्या शनिवारी १०० किलोमीटर मारण्याची हुक्की येते. त्या फेरीने बळ वाढत नाही, कारण त्याचा लाभ दिसायला लागणारा वेळच उरलेला नसतो, थकवा मात्र पुरता शिल्लक राहतो. एक-दोन फेऱ्या गटाबरोबर कराव्यात: पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक समांतर येऊ न देणे, खड्डा दिसला की हाताने दाखवणे, अचानक ब्रेक न लावणे. चार दिवस अनोळखी लोकांच्या घोळक्यात चालवायचे असल्यामुळे हा सराव चढांच्या सरावाइतकाच उपयोगी पडतो.

आणि गाडीत बसायचे ठरले, किंवा कुणा परिचिताच्या वाहनातून मुक्कामी जायचे ठरले, तरी आयोजकांना फोन केल्याशिवाय मार्ग सोडू नये. संध्याकाळी ते सायकलस्वारांची मोजणी करतात आणि एक जण कमी भरला की अंधारात त्या सगळ्या मार्गावर शोधायला माणसे पाठवावी लागतात.